लेखी द्या

रेवाळेकाकांना कुणी "जेवलात का?" विचारलं, तरी ते म्हणतात, "लेखी द्या."

अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत ते माझे शेजारी. माणूस एका जागी टिकेल तर शपथ! चहासुद्धा गॅलरीत येरझारा घालत, काखेत फाईल धरून पितात. रस्त्यातला खड्डा असो, बंद दिवा असो, काकांचा माहिती अधिकाराचा अर्ज गेलाच. उल्हासनगरचा सिंधी झेरॉक्सवाला तर हात जोडून म्हणाला, "साईं, अब मशीन ही घर ले जाओ."

पालिकेच्या निवडणुकीआधी मात्र काकांनी कहर केला. समोरच्या शाळेतलं मतदान केंद्र हलवणार, अशी कुजबुज होती. कुठे, ते कुणी सांगेना. काकांनी अर्ज टाकला. "प्रस्ताव विचाराधीन आहे, माहिती देता येत नाही," असं उत्तर आलं. अपीलही फेटाळलं. मग स्वारी थेट हायकोर्टात.

"काका, केंद्र इथे काय नि तिथे काय, काय बिघडतं?" मी वैतागून विचारलं.

"मग लपवतायत कशाला? लेखी द्यायला काय जातं त्यांचं?"

तारखेच्या दिवशी पहाटेच माझी बेल वाजायची. "उठ रे, काय होईल आज?" मला काय कपाळ माहीत! मी चिडायचो आणि चहा टाकायचो.

शेवटी कोर्टानं कागद द्यायला लावले. केंद्र रेल्वे रुळांपलीकडे जाणार होतं, मध्ये उभ्या जिन्यांचा पूल. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं मतदानच बुडालं असतं. काकांनी घरोघर फिरून हरकती गोळा केल्या, अर्थात लेखी. केंद्र शाळेतच राहिलं.

मतदानाच्या सकाळी काका काकूंना धरून बाहेर आले. गुडघ्यांमुळे काकू दवाखाना सोडला तर घराबाहेर पडत नाहीत. मतदानाला मात्र हट्टानं जातात. मोरपंखी साडी, केसांत अबोली. शाळेच्या ओट्यावर जुन्या मैत्रिणी भेटल्या आणि काकू पोरीसारख्या हसत सुटल्या. काका उन्हात, फाईलशिवाय, अगदी स्तब्ध उभे होते.

निघताना काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी कोर्टात गेलात होय हो?"

"लेखी द्या," काका म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात ओढला आणि शाई लागलेल्या बोटानं तळहातावर काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं, ते मी अजून विचारतो. काका येरझारा घालत म्हणतात, "माहिती देता येत नाही."