गजभियेभाऊ आणि रिकामे चौकोन

गजभियेभाऊंना कॅलेंडरमधला रिकामा चौकोन बघवत नाही. महिना बुधवारी सुरू झाला, की त्याच्या आधीची सोमवार-मंगळवारची घरं मोकळी राहतात. तुमच्या-माझ्या भिंतीवर ती वर्षानुवर्षं मोकळी आहेत आणि आपलं काही अडलेलं नाही. भाऊ मात्र ती दिसली की खुर्चीतून उठतात, पाण्याच्या मशीनपर्यंत जातात, पाणी न पिताच परत येतात आणि म्हणतात, "कायतरी टाक गा तिथं. मले कसंतरीच होते."

भाऊ शहराबाहेर मिहानच्या आयटी वसाहतीतल्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं, पण स्वतः कुठंही न टेकणारे. कुणाच्या वेबसाइटला कॅलेंडर हवं असलं, की ते काम भाऊंकडे जातं. खरं तर त्यात फार मोठं असं काही नाही. फ्रेमवर्क म्हणून प्रोग्रामचा तयार सांगाडा मिळतो, त्याला वर्ष सांगायचं, महिना सांगायचा, आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा ते सांगायचं. ते मुकाट्यानं तक्ता काढून देतं. कुठल्या चौकोनात काय लिहायचं आणि कोणता रंग द्यायचा, एवढंच आपण ठरवायचं. पण या 'एवढंच'मध्येच भाऊंचा जीव अडकलेला. "गिऱ्हाइकाचा महिना गिऱ्हाइकासारखा दिसला पाह्यजे," असं ते दिवसातून दहादा तरी ऐकवतात.

एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद. म्हणजे रविवारचा सगळा रकाना मोकळा. भाऊंनी तिथं लिहून टाकलं, 'आज घरीच दात घासा.' दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन. पेशंट विचारत होते, की बाकीचे दिवस दवाखान्यात येऊन घासायचे काय?

काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याचा किस्सा तर कंपनीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. माल न्यायला गाडी ज्या दिवशी येणार, त्या तारखेवर संत्र्याचं चित्र, असं ठरलं होतं. भाऊंनी एक तारखेच्या आधीच्या मोकळ्या घरांतही शोभेला संत्री टाकली. व्यापाऱ्याचा दिवाणजी हमाल घेऊन बाजारात वाट पाहत बसला आणि उन्हं कलल्यावर त्यानं मालकाला फोन केला, "साहेब, गाडी कुठं अडकली?" भाऊ स्वतः बसनं काटोलला माफी मागायला गेले. परतले ते पिशवीभर संत्री आणि दिवाणजीच्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. लग्नाला गेलेसुद्धा!

आम्ही दोघंही नंदनवन वस्तीत राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. त्यामुळे रविवारी सकाळी दारात "जय भीम, सहज आलो होतो" ठरलेलं. सहज आलेला माणूस बसतो. भाऊ नळाची चकती बदलतात, पंख्याचा आवाज ऐकून स्टूल मागतात, आईच्या मोबाइलमधले नको ते मेसेज पुसून देतात आणि चहा उभ्यानंच पितात. आई मला हळूच विचारते, "हा माणूस टेकत काहून नाई गा?"

दिवाळीनंतर कंपनीत नवी टूम निघाली. आमच्या मॅनेजर सोनल मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यापुढे आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसात यायचं, बाकी काम घरून. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ उभे राहिले.

"अन् बाकीच्या दिवशी मॅडम?"

"घरून करायचं, भाऊ."

"पण घरी काय हाय?"

मॅडमना वाटलं, त्यांच्याकडे इंटरनेट नाही. त्यांनी कंपनीच्या खर्चानं राउटर देऊ केला. भाऊ म्हणाले, "राउटर हाय जी," आणि पाण्याच्या मशीनकडे निघून गेले. नंतर दिवसभर प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन विचारत राहिले, "तू तं येशीन न? घरी बोअर होते, सांगून ठेवतो."

कोणी कुठल्या दिवशी यायचं, याचं कॅलेंडर करायचं काम साहजिकच भाऊंकडे आलं. त्यांनी ते झपाट्यानं केलं आणि झकास केलं. प्रत्येकाला आपलं पान, आवडीचा रंग, वाढदिवसाला फुगे. मला सोमवार-गुरुवार मिळाले. माझ्याच टीममधल्या स्नेहाला मंगळवार-शुक्रवार. वर्षानुवर्षं शेजारी बसणारे आम्ही दोघं आता व्हिडिओ कॉलवर भेटू लागलो. चौकशी केली तर सगळ्यांची हीच गत. एकही टीम कुठल्याच दिवशी एकत्र येत नव्हती. मात्र कुठल्याही दिवशी जा, चार-पाच माणसं हजर. भाऊ तर रोजच.

मॅडम वैतागल्या. "भाऊ, तुमच्या प्रोग्राममध्ये कुठंतरी चूक आहे."

"चूक नाई मॅडम. असाच बनवला."

"असा का?"

भाऊंनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला. "सारे एकाच दिवशी आले तं पार्किंगले जागा नाई पुरत. एसी काम नाई करत. कॅन्टीनमध्ये पोहे संपून जाते."

"पोहे जास्त करायला सांगू. सगळे मंगळवार-बुधवार. आजच बदला."

बदल किरकोळ होता. भाऊंनी दोन ओळी खोडल्या, एक लिहिली आणि सगळी नावं मंगळवार-बुधवारच्या रकान्यांत जाऊन दाटीवाटीनं बसली. भाऊ पडद्याकडे पाहत राहिले. वाद नाही, विनोद नाही. मला ते काही बरं दिसेना. मी त्यांना ओढतच खाली टपरीवर घेऊन गेलो.

चहा हातात आल्यावर म्हणालो, "भाऊ, खरं सांगा, पोह्यांसाठी एवढं केलं काय?"

"बाबा होते तवा मले घरी जायची घाई राहे," भाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले. "ते गेल्यापासून पोचलो का पहिले टीव्ही लावतो. पाहत नाई मी. कोणीतरी बोलून राहिलं पाह्यजे, बस. एक दिवस, दोन दिवस चालते गा. आता पाच-पाच दिवस मी काय करू?"

भाऊंचे वडील गेले तेव्हा मी घाटावर गेलो होतो. त्यानंतर ते घरात एकटेच आहेत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. मी आणखी दोन चहा सांगितले.

त्या गुरुवारी मी गाडी काढली आणि मिहानला गेलो. ऑफिस उघडं असतं, यायला कुणाला मनाई नव्हती. आत सगळ्या खुर्च्या टेबलांना टेकवून ठेवलेल्या आणि भाऊ एकटेच मधल्या वाटेनं येरझारा घालत होते. मला पाहून थबकले.

"तू? आज तं तुले घरी टाकलं हाय."

"घरी लाइट गेली भाऊ."

"कधी? मी आत्ता तुह्याच गल्लीतून आलो. तुह्या घरात मिक्सर चालू होता, चटणीचा वास येत होता."

मी बॅग उघडली आणि लॅपटॉप लावला. भाऊ खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून चक्क बसले. बराच वेळ आम्ही आपापलं काम करत होतो.

"काय गा," पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पुढच्या गुरुवारीबी लाइट जाईन का?"

"जाईन न भाऊ," मी म्हणालो. "आमच्या गल्लीत लय जाते."