टाकीवरची हवा

सोमवारी डॉक्टर तपासणार होता आणि शालिकरामची झोप गुरुवारपासूनच उडाली होती.

शालिकराम भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. साठ फूट उंच केबिनमध्ये बसून उकळत्या पोलादाची अजस्र बादली इकडून तिकडे न्यायची आणि खालच्या कुणाच्या टोपीलाही धक्का लागू द्यायचा नाही. सोबतचे लोक त्याला 'पायलट' म्हणत. भंडाऱ्याकडे गावी तर त्याच्या मामाने भाचा विमानच चालवतो असं सांगून ठेवलं होतं, आणि शालिकरामने ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. मग त्याचा कान बिघडला, आणि माणसाचा तोल कानावरच असतो. एके दिवशी क्रेनच्या शिडीवरच डोळ्यांपुढे जग फिरलं आणि पायलट पाच महिन्यांच्या सुट्टीवर गेला. आता डॉक्टरने फिट म्हटलं तर क्रेन, नाही म्हटलं तर जन्मभर स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटायचे.

"हातमोजे वाटाले आलो का जी मी भिलाईले?" तो बायकोला रोज विचारायचा.

"जेवून घ्या," म्हणून रंभा ताटात लोणचं वाढायची.

डॉक्टरच्या आधी आपणच आपली परीक्षा घ्यावी, असं त्याने ठरवलं. कारखान्याच्या वसाहतीतली क्वार्टरं सगळी बैठी. उंच म्हणाल तर सेक्टरची पाण्याची टाकी. शुक्रवारी भर दुपारी चौकीदार देवाजी चहाला गेलेला पाहून शालिकराम ड्यूटीचे बूट घालून शिडी चढला. चढताना काहीसुद्धा झालं नाही. अर्ध्या शिडीवरच त्याने स्वतःला पास करून टाकलं. वर पोचल्यावर मोठ्या ऐटीत खाली पाहिलं, तर अख्खा सेक्टर जात्यात घातल्यासारखा गरगरायला लागला. कठडा धरून तो मटकन खाली बसला. डोळे उघडवेनात आणि पाय हलवेनात.

देवाजी परत आला. "कोन हाय वरते?"

"मी शालिकराम."

"काय करून राहिले तिथं?"

चक्कर आली म्हणावं, तर सोमवारच्या आत ते डॉक्टरच्या कानावर जाणार. "हवा खाऊन राहिलो," शालिकराम म्हणाला.

"पियाच्या पान्यावर बसून? उतरा खाली."

"उतरतो ना. पोट भरलं की."

टाकीवर बसलेला माणूस पाण्यात काय करील याचा नेम काय? देवाजीने व्हॉल्व्ह बंद केला. सेक्टरभरचे नळ गेले आणि बायका रिकामे हंडे घेऊन टाकीखाली जमल्या. त्यात शेजारची कांता होती. "पाच महिने मानूस घरात कुढत होता. आता थेट टाकीवर जाऊन बसला. मले काही लक्षन बरं दिसत नाइ," ती म्हणाली. एवढं पुरे झालं. माणूस उडी टाकणार हे गर्दीने ठरवलं आणि घराघरांतून गोधड्या आल्या.

"माही नवी हाय, तिले खालून घाला," कांता म्हणाली.

"खालची मातीत भरते, बाई."

"मंग मधात घाला."

वर शालिकरामला सगळं ऐकू येत होतं. आपण पडणार ते निदान कुणाच्या गोधडीवर हे तरी ठरू दे, असं त्याच्या मनात आलं. हसू यायला हवं होतं, पण तो रडला.

तेवढ्यात रंभा आली. तिने आरडाओरडा केला नाही. एकदा वर पाहिलं आणि देवाजीला म्हणाली, "केवलरामभाऊची ड्यूटी सुटली असन. त्याइले बलावा. शिटी घेऊन या म्हना."

केवलराम कारखान्यात खलाशी, म्हणजे क्रेनला ओझं अडकवून इशारे देणारा, होता. चार वर्षं तो क्रेनखाली उभा राहून शिट्टीने सांगायचा आणि वर शालिकरामचे हात आपसूक चालायचे. तो आला, त्याने कुणाला काही विचारलं नाही, फक्त एक बारीक शिट्टी दिली. मिटल्या डोळ्यांनी शालिकरामचा पाय शिडीवर आला. दुसरी शिट्टी, दुसरी पायरी. असा तो जमिनीपर्यंत उतरला.

सोमवारी डॉक्टर नरहरींच्या टेबलावर देवाजीची तक्रार त्याच्या आधी पोचली होती. डॉक्टरांनी ती मोठ्याने वाचली, "'सदर इसम विनापरवानगी टाकीवर चढला, दीड तास आरामात हवा खात बसला व बोलावूनही उतरला नाही.' अहो, चक्कर येणारा माणूस असा बसेल का? पुन्हा असला चावटपणा करू नका." आणि त्यांनी कागदावर फिटचा शिक्का मारला.

शालिकरामने येताना पेढे आणले. रंभाने एक देवापुढे ठेवला आणि बाकीचे झाकून ठेवले.

मंगळवारी तो क्रेनच्या शिडीपाशी उभा राहिला. एक पाय पायरीवर ठेवला. समोर, क्रेनच्या आकड्याच्या बरोबर खाली, केवलराम नेहमीच्या जागी उभा होता. टाकीवरून पडलो असतो तर आपण एकटेच गेलो असतो, शालिकरामला वाटलं. केवलरामने शिट्टी दिली. शालिकरामने पाय खाली घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या शिट्टीचं ऐकलं नाही.

"मले स्टोअरात टाका," तो फोरमनला म्हणाला.

"कागदावर फिट हाय तुमी. फिट मानसाले हातमोजे कसे देऊ?"

मग पायलट दवाखान्यात परत गेला आणि ज्या शब्दासाठी पाच महिने झुरला, तो खोडून मागू लागला. "साहेब, मी हवा खात नव्हतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि शिक्क्यावर आडवी रेघ मारली.

घरी आल्यावर त्याने रंभाला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"लोनच्याची बरनी फळीवरून तुमीच काढत होते ना, माहा हात पुरत नाइ म्हनून. सुट्टीवर आल्यावर एक दिवस तुमी स्टुलावर एक पाय ठेवून उभे. उभेच राहिले. मंग पाय खाली घेतला. तवा मीच स्टुलावर चढून बरनी खाली आनून ठेवली."

"मंग बोलली कावून नाइ?"

"लोकं तुमाले पायलट म्हनत होते जी," रंभा म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

शालिकरामने हात लांब केला. बरणी बसल्या जागी त्याच्या हाताला लागली.