तीन राखाडी एका ओळीत

जनावरांच्या डॉक्टरांनी लेकीच्या हातातून तो गेम काढून घेतला, तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता. रागावून काही होत नाही, समजावून सगळं होतं, असं त्यांचं मत होतं. कुत्र्यांच्या बाबतीत ते खरंही ठरलेलं होतं.

"प्रश्न गेमचा नाही, मनाच्या ताब्याचा आहे," ते म्हणाले. "हा आता माझ्याजवळ राहील. मी रोज थोडा वेळ खेळेन आणि बाजूला ठेवून देईन. वस्तू वापरायची कशी नि ठेवायची कशी, ते तू नुसतं बघत राहा."

लेकीच्या आधी आईच बोलली. "बाजूला ठेवायचाच आहे तर आत्ताच ठेवा ना. मध्ये खेळायचं कशाला?"

"उदाहरण घालून द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

गेम तसा साधा होता. तळहाताएवढा पडदा आणि त्यावर प्राण्यांची तोंडं खचाखच भरलेली. माकड, हत्ती, पांडा, बेडूक, सिंह. शेजारच्या दोन तोंडांची बोटाने अदलाबदल करायची. तीन सारखी एका ओळीत आली की ती फट्कन नाहीशी होतात आणि वरून नवी पडतात. बाजूला वेळेची पट्टी सारखी आखडत असते आणि हात जलद चालला तरच ती पुन्हा लांबते. यात अवघड काय, असं डॉक्टरांना वाटलं, आणि तिथेच त्यांचा पाय घसरला. अवघड गोष्ट माणूस दमून सोडतो. सोपी सोडायला त्याला कारणच मिळत नाही.

आठवडा उलटायच्या आत गेम त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात राहू लागला. एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा आहे, तेवढ्यात चार हत्ती उडायचे. घरी ते न्हाणीघरात इतका वेळ काढू लागले की बायकोने दार वाजवून प्रकृतीची चौकशी केली. आतून डॉक्टरांच्या आधी गेममधल्या माकडाने उत्तर दिलं.

पण खरी भानगड गेम खिशात असताना व्हायची. डॉक्टर बाहेरच्या बाकड्यांकडे बघायचे: कुत्रा, कुत्रा, ससा, कुत्रा. त्यांची बोटं शिवशिवायची.

"तुम्ही जरा या बाजूला बसता का?" एकदा त्यांनी सशाच्या मालकिणीला विचारलंच.

"का हो डॉक्टर? कुत्र्यांचं काही लागेल का त्याला?"

"काळजी घेतलेली बरी," डॉक्टर म्हणाले. तीन कुत्रे ओळीत आले आणि त्यांना घोटभर गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

माणसं मोठी समजूतदार असतात. डॉक्टर सांगतात म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार, असं धरून लोक आपणहून कुत्र्यांशेजारी कुत्री आणि पोपटांशेजारी पोपट घेऊन बसू लागले. नव्या माणसाला जुने लोक पद्धत समजावून सांगायचे. एका बुलडॉगच्या मालकाने तर इतका शिस्तीचा दवाखाना पाहिला नाही म्हणून डॉक्टरांचा हात हातात घेतला. डॉक्टरांनीही ते मान खाली घालून ऐकून घेतलं. ही अशी मान खाली घालण्याची सवय वाईट. त्यात नम्रता आणि चोरी एकसारख्याच दिसतात.

मग ऑपरेशनचा दिवस आला. दोन मांजरी होत्या, दोघी राखाडी, दोघी अंगाने सारख्या. एक शिंप्याची. तिचं नाव गुंडी, कारण पिल्लू असताना ती गुंड्यांच्या डब्यात सापडली होती. दुसरी भूगोलाच्या बाईंची. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेत त्यांनी डॉक्टरांनाही शिकवलं होतं आणि नकाशात नदी उलटी वाहवली म्हणून वर्गाबाहेर उभंही केलं होतं. त्यांच्या मांजरीचं नाव सरकार. ती कुणाचं ऐकत नाही आणि कुणाला भेटत नाही, म्हणून.

दोन्ही ऑपरेशनं झकास झाली. डॉक्टरांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नसतं. गुंगीतल्या दोघींना आतल्या खोलीत पिंजऱ्यांत निजवलं, पिंजऱ्यांच्या दारांवर नावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या आणि सिस्टर जेवायला गेल्या.

डॉक्टर हात पुसत उभे राहिले. वरच्या रांगेत एका टोकाला गुंडी. खालच्या रांगेत सरकार. आणि वरच्याच रांगेत मधोमध एक बेवारशी मांजरी, पोट बिघडून आलेली. तीही राखाडी.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग दोघींना अलगद उचलून बेवारशीच्या दोन बाजूंना ठेवलं. चिठ्ठ्याही आठवणीने हलवल्या. तीन राखाडी एका ओळीत. क्षणभर त्यांना खरोखरच वाटलं की आता या फट्कन नाहीशा होणार. झाल्या नाहीत. मधलीने तेवढा एक डोळा उघडून मिटला. बाहेर फोन वाजला आणि डॉक्टर गेले. संध्याकाळी सिस्टरनी चिठ्ठ्या वाचून मांजरी ज्याच्या त्याच्या हवाली केल्या.

काही दिवसांनी शिंप्याचा फोन आला.

"डॉक्टर, ऑपरेशननं मांजराचा स्वभाव बदलतो का हो?"

"बदलतो ना. म्हणजे कसा बदललाय?"

"आमची गुंडी कापडावर लोळणारी. आता ती कपाटावर चढून बसलीय आणि गिऱ्हाईक आलं की थुंकल्यासारखं करते. बायकोनं दूध ठेवलं तर तिला ओरबाडलं."

"हार्मोन्स असतात ते," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दुसऱ्या हाताखाली तेव्हा पांडा होता. "बसेल हळूहळू."

बसलं नाही. शेवटी शिंपी तिला टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन आला. त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, पण आवाजात तक्रार नव्हती. नुसतं वाईट वाटत होतं त्याला. "आम्ही तिला इथं सोडून गेलो, म्हणून रुसली असेल का? बायको रोज तिच्याशी बोलते. सांगते, तुझ्या भल्यासाठीच केलं. ती ऐकूनच घेत नाही."

डॉक्टरांनी टोपली उघडली. डाव्या कानाला एक जुनी चीर होती आणि तिच्यावर टाक्याची खूण. तो टाका त्यांनी स्वतःच घातलेला होता. सरकारला.

चिठ्ठ्या हलवताना आपले हात कुठून कुठे गेले, ते आत्ता दिसलं. डावीकडची चिठ्ठी उजवीकडे. बोटाने अदलाबदल.

काहीतरी बनवून सांगायचं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण समोर तो माणूस आपले ओरबाडलेले हात एकमेकांत धरून बसला होता, परक्या मांजरीची समजूत काढून दमलेला. डॉक्टरांनी खरं ते सांगून टाकलं.

शिंप्याने वाकून टोपलीत पाहिलं. "म्हणजे ही रुसलेली नाही?"

"नाही. ही अशीच आहे."

"मग बरं झालं," तो म्हणाला. आणि मग एकदम, "पण मग आमची कुठं आहे?"

दोघं बाईंकडे जायला निघाले. वाटेत डॉक्टर घरी थांबले आणि लेकीच्या हातात गेम ठेवला. तिने पडदा पाहिला आणि डोळे मोठे केले. "बाबा, तू माझ्या कितीतरी पुढे गेलायस." इतक्या आदराने तिने बापाकडे बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांना ते बघवलं नाही.

बाईंनी दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात टोपली, मागे अनोळखी माणूस. त्या काही न विचारता आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. खुर्चीवरची राखाडी मांजरी त्यांना जागा देण्यापुरती उठली आणि लगेच त्यांच्या मांडीवर गोल होऊन झोपली.

"गुंडे," शिंपी हळूच म्हणाला. "अगं, मी."

गुंडीने एक कान हलवला. बाकीची ती झोपलेलीच राहिली. शिंप्याचा चेहरा पडला.

"बाई," डॉक्टरांनी सुरुवात केली, "माझ्या हातून एक चूक..."

"मला त्याच दिवशी, घरी आणताना जिन्यातच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "सरकार टोपलीत कधी गप्प बसते का?"

"मग फोन का नाही केलात?"

बाईंनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "रोज करणार होते. पण फोन तिकडे भिंतीशी. आणि ही अशी मांडीवर. हिला उठवायचं कसं, म्हणून उद्यावर ढकलायचे." त्यांनी चष्मा सारखा केला. "सरकार आजवर कधी मांडीवर आलेली नाही रे. मला वाटायचं, ती तिकडे माझ्यासाठी झुरत असेल. मग वाटायचं, छे, ती कसली झुरतेय."

शिंपी खाली मान घालून म्हणाला, "नाही झुरली, बाई. पण खिडकीत मात्र बसायची, रस्त्याकडे तोंड करून."

बाईंनी टोपलीकडे पाहिलं.

मग त्यांनी चूक कशी झाली ते विचारलं. डॉक्टरांनी गेमची हकिगत सांगितली. वर्गाबाहेर उभं राहून सांगावी तशी.

"म्हणजे सारखी दिसणारी तीन एका ओळीत आणायची. पुढे काय होतं?"

"ती जातात, बाई. जागा मोकळी होते."

"आणि त्यात गंमत वाटते?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "खेळताना वाटते."

"मोकळी जागा माझ्याकडे पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या. मग गुंडीला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी शिंप्याच्या हातात दिलं. तिथे ती तशीच गोल झाली आणि घुरघुरू लागली. शिंप्याने तोंड दुसरीकडे वळवलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

टोपलीतून सरकार बाहेर आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. खोलीला एक फेरी मारली, डॉक्टरांच्या बुटावर फिस्कारली आणि पलंगाखाली गेली. बाई कष्टाने वाकल्या, चादर वर केली आणि आत हात घातला. आतून पंजा बसला. बाईंनी हात मागे घेतला आणि बोटावरचा ओरखडा उजेडात धरून पाहिला, जुनं अक्षर ओळखावं तसा.

"आलीस बाई," त्या म्हणाल्या.

शिंपी घुटमळला. "मी हिला अधूनमधून घेऊन येत जाईन. तुमची हरकत नसेल तर. दुपारी दुकानात फार काम नसतं."

"या," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या हाताने आणा. दवाखान्यामार्फत नको."

गुंडीला टोपलीत घालून दोघं दारापर्यंत आले. मागून बाईंचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसा.

"अरे, जिना उतरायच्या आधी टोपलीत कोण आहे ते एकदा उघडून बघ."

दवाखान्याच्या भिंतीवर दोन पदव्या टांगलेल्या त्या माणसाने जिन्यात उकिडवं बसून टोपली उघडली आणि आत पाहिलं. गुंडीच होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं. तरी शिंप्याने स्वतः वाकून एकदा खात्री करून घेतली.