नोंद नसलेले तीन ड्राइव्ह

तीन परीक्षा कार्यालयांचे एकीकरण होऊन ग्वाल्हेरला, इंदरगंजात, एक संयुक्त अभिलेख कक्ष स्थापन झाला. तिन्ही कार्यालयांनी आपल्या गुणपत्रिकांच्या सीडी जशाच्या तशा फाइलींत उतरवून मग फेकून दिल्या होत्या. कोणी कोणाला विचारले नसल्यामुळे फाइलींचे प्रकारही तीन निघाले: आयएसओ, एनआरजी आणि एमडीएफ.

बिर्ला नगरच्या दुर्गा साठेची दहावीची गुणपत्रिका घर बदलताना हरवली. कंपू भागातल्या रुग्णालयात तिला परिचारिकेची नोकरी मिळाली होती. शनिवारपर्यंत दुय्यम प्रत हवी होती.

"काका, शनिवारी नाही दिली तर दुसरीला घेतील. फिर मैं क्या करूँगी?"

कारकून मधुसूदन चांदोरकर सज्जन होते. कोणत्या कार्यालयाची नोंद ते ठाऊक नसल्याने त्यांनी तिन्ही फाइली जोडल्या. पडद्यावर एकाऐवजी चार सीडी ड्राइव्ह दिसू लागले. तिसऱ्यात दुर्गा सापडली: एकाहत्तर टक्के.

त्याच वेळी कक्षप्रमुख मानसिंगराव जाधव साठा-पडताळणीस आले. त्यांनी पडदा पाहिला, मग रजिस्टर पाहिले.

"चांदोरकर, रजिस्टरात ड्राइव्ह एक. इथे चार. हे तीन कुठून आणले?"

"साहेब, आणले नाहीत. ही फाइल म्हणजेच सीडी आहे असं समज, असं कॉम्प्युटरला सांगायचं. मग तो स्वतःच एक ड्राइव्ह मानून घेतो."

"कॉम्प्युटर मानेल हो. ऑडिटवाले मानतील का?"

चांदोरकरांनी तिन्ही ड्राइव्ह क्षणात काढून टाकण्याची तयारी दाखवली. मानसिंगराव हादरले. शासकीय साठ्यातली वस्तू क्षणात नाहीशी करणे हा गुन्हा होता. निकामी वस्तू साठ्यातून कमी करायला रीतसर निर्लेखन समिती नेमली गेली. समितीने कॉम्प्युटर उघडला, आत तीन ड्राइव्ह मिळाले नाहीत, म्हणून अहवालात लिहिले: 'पूर्णतः मोडकळीस आलेले, अवशेषही शिल्लक नाहीत.'

"पण माझे मार्क तर दिसतायत ना," दुर्गा म्हणाली. "तुम्हीच बघा."

मानसिंगरावांनी चष्मा लावून बघितले. "एकाहत्तर. छान आहेत बेटा. पण मोडक्या ड्राइव्हमधले मार्क प्रमाणित कसे करू?"

शुक्रवारी संध्याकाळी तिला पत्र मिळाले. सदर ड्राइव्ह अस्तित्वात नसल्याने त्यातील गुणही आढळून आले नाहीत. तथापि सहानुभूतीपूर्वक विचार करून, अर्जदाराने हरवलेल्या गुणपत्रिकेची झेरॉक्स सादर केल्यास चालेल. तिच्यावर एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाचा 'मूळ प्रत पाहिली' असा शेरा व सही असावी.

दुर्गा चौकातल्या टायपिंगच्या दुकानात गेली. दुकानदाराने हुबेहूब गुणपत्रिका तयार केली आणि विचारले, "परसेंट कितना डालूँ?"

"एकाहत्तर."

"बस? पचासी भी उतने में ही होगा."

तिने एकाहत्तरच घातले. खोटेपणा करताना इतका खरेपणा सहसा कोणी दाखवत नाही.

आता सहीपुरता एक प्रतिष्ठित नागरिक हवा आहे. मूळ प्रत न पाहता 'पाहिली' लिहिणारा, शिक्षित, सभ्य, कार्यालयांच्या कारभारावर मनापासून हसणारा. चौकशीत तिला, वाचकहो, तुमचेच नाव सर्वांनी सुचवले. ती निघाली आहे. पेन शोधून ठेवा.