धोंडाबाईसाहेबांची चारमिनारावरील स्वारी

श्री मेंगाई प्रसन्न. तोरणागडाच्या पायथ्यास वेल्हे, त्याचे वरल्या अंगास डोंगरपठारावर धनगरवाडा, तेथील मेंढपाळ राजमान्य नाथाजी मरगळे आणि त्यांचे कुटुंब धोंडाबाईसाहेब यांनी भागानगर, ज्यास हल्ली हैदराबाद म्हणतात, तेथे एका दुपारी जी मर्दुमकी केली, ती पुढील पिढ्यांस ठाऊक असावी म्हणोन, पदरचे फारसे न घालता, येथे नमूद केली असे.

कारण ऐसे की, उभयतांची कन्या धनश्री, तिचे यजमान हनुमंतराव आरमाराच्या चाकरीत, मुक्काम विशाखापट्टण. तेथे धनश्रीस दुसरे कन्यारत्न जाहले आणि बारशाचा दिवस ठरला. जावयाने विमानाची तिकिटे रवाना केली, आणि मेंढरांचा कारभार धाकटे बंधू सोमेश्वर यांचे स्वाधीन करोन उभयतां पुण्याहून आकाशमार्गे निघाली, आणि मग बारशाचे आदले दिवशी भर दुपारी भागानगरच्या विमानतळावर उतरली. पुढील विमान दिवस मावळता. मधला अवघा वेळ रिकामा. कन्येचे फर्मान मोबाईलवरून आधीच सुटले होते की, खुर्ची सोडू नये, कोणाच्या नादी लागू नये, विमान चुकले तर आजी-आजोबांवाचून बारसे होईल. नाथाजींनी फर्मान शिरसावंद्य मानोन खुर्चीवर मांडी ठोकिली.

इतक्यात धोंडाबाईसाहेबांची नजर भिंतीवरील थोरल्या चित्राकडे गेली. चार मनोरे, मध्ये कमानी, खाली माणसांची मुंग्यांसारखी दाटी. त्यांनी झाडलोट करणाऱ्या बाईस गाठोन हातवाऱ्यांनी पुसतपास केली, आणि परतोन हुकूम केला.

"ह्यो चारमिनार हितंच हाय म्हणं. बसून काय अंडी उबवायचीत? उठा."

"अगं, मेंढरं..." नाथाजींच्या मुखातून निघाले, आणि तेथेच अडले.

या एका शब्दावर नाथाजींनी आजवर अवघा संसार राखिला होता. भोरास बाजाराला गेल्यावर राजवाडा पाहू म्हटले, तर मेंढरं. माहेरी चार दिवस जास्त राहू म्हटले, तर मेंढरं. शब्द असा की त्यापुढे कोणाची मात्रा चालू नये. परंतु आज मेंढरे सोमेश्वराकडे, आणि धोंडाबाईसाहेब कमरेवर हात ठेवोन पुढील शब्दाची वाट पाहात उभ्या. तेव्हा नाथाजी निरुपाय होवोन उठले, आणि स्वारी भाड्याच्या मोटारीत बसोन दरकूच निघाली.

कोस-दीड कोस गेली असेल नसेल, तो रस्त्यावर गनिमाने वाट रोखिली. गनीम म्हणजे मेंढरे. काळी, तांबडी, शंभरांवर मेंढरे रस्ता ओलांडीत होती, आणि खांद्यावर घोंगडी टाकिलेला त्या मुलखाचा धनगर मागून हाका देत होता. जातिवंत जनावरे, कान कसे, पाठ कशी, चारा कोठला, हे विचारल्यावाचून पुढे जाणे म्हणजे सोयऱ्याच्या दारावरून न बोलता जाणे. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. मग त्यांनी बाजूस पाहिले. धोंडाबाईसाहेब समोर पाहात बसल्या होत्या, आणि पदराचे टोक बोटास गुंडाळीत होत्या. भोरच्या राजवाड्याच्या वेळीही त्या अशाच बसल्या होत्या, हे नाथाजींस या घटकेस आठवले. आणि मग नाथाजींनी कडीवरचा हात काढिला, तो परत जाईल या भयाने स्वतःच्या मांडीखाली कैद केला, आणि कळप सरेतो तसेच राहिले. त्यांच्या अवघ्या हयातीत ऐसी लढाई जाहली नव्हती.

वाट मोकळी जाहल्यावर बाईसाहेब बोलिल्या, "लोकर कातरायला आलीया त्यांची."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "म्हागली दोन लंगडत बी हुती."

मग उभयतां चारमिनारापर्यंत मेंढरांविषयीच बोलत गेली.

चारमिनारासमोर धोंडाबाईसाहेब मान वर करोन कितीएक वेळ उभ्या राहिल्या, आणि नाथाजींनी "बगितलं, आता चला" हे वाक्य दोन वेळा गिळिले. तेथोन बाईसाहेबांनी बांगड्यांच्या बाजारावर चाल केली, आणि कन्येसाठी हिरव्या लाखेच्या बांगड्या घासाघीस करोन घेतल्या, आणि उठू लागल्या, तोच नाथाजींनी दुकानदारास फर्माविले की, हिच्या बी हातात भरा. दुकानदाराने एक माप काढिले, दुसरे काढिले, परंतु धारा काढोन, मोळ्या वाहोन रुंद जाहलेला तो पंजा एकाही मापास शरण येईना. बाईसाहेब हात ओढोन म्हणाल्या की राहू द्या, उशीर होतो. नाथाजी हटेनात. तेव्हा दुकानदाराने निखाऱ्यावर लाख ऊन करोन बांगडी उघडिली, आणि मनगटावर घालोन जोडिली, आणि ऐशा दोन्ही हातांत भरिल्या. बाईसाहेबांनी चारमिनाराकडे पाहिले नव्हते इतका वेळ आपल्या हाताकडे पाहिले.

परतीस मात्र मोटारींचा ऐसा खोळंबा की मुंगी हलेना, आणि सूर्य कलता जाहला, आणि त्यात कन्येचा मोबाईल आला. नाथाजींनी खुर्चीवरच असल्याचा निरोप दिला. मागे भोंगे कसले, ऐसे तिने विचारिता, विमानांचे आहेत म्हणोन सांगितले. मग विमानतळाच्या दारापासून उभयतां धावली, बाईसाहेब पुढे, नाथाजी पिशवी सावरीत मागे, आणि नावे पुकारली जात असता विमानात दाखल जाहली.

विमान वर उठल्यावर दम खाऊन बाईसाहेबांनी विचारिले, "परत येताना मदी कंचं गाव लागतंय?"

"ह्येच." नाथाजी म्हणाले. "पर तवा येळ दुप्पट हाय. म्या इचारून ठिवलंय."

येणेप्रमाणे चारमिनार सर जाहला, विमान हाती लागले, बांगडी एकही तडकली नाही. फत्ते कोणाची, याविषयी दोन्ही गोटांत वाद नाही. बारशाच्या पंगतीत आईच्या मनगटावरून धनश्रीस खरा प्रकार कळला, आणि तिने उभयतांस पुष्कळ बोल लाविले, ते उभयतांनी माना खाली घालोन, हसू फुटेल म्हणोन एकमेकांकडे न पाहता, मुकाट ऐकोन घेतले. इति दफ्तरी दाखल.