चोराची स्कूटर पुसणारे तायडेकाका

तायडेकाका दर रविवारी आंघोळ करून, फडकं आणि हवेचा पंप घेऊन पोलीस ठाण्यात जायचे आणि एका चोराची स्कूटर पुसायचे.

हसू नका. चोरी आमच्याकडे झाली होती. आम्ही जयपूरला खातीपुऱ्यात राहायचो. बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मदतनीस, घरात खाणारी सहा तोंडं. आई शाळांचे गणवेश शिवायची, त्यावर माझं कॉलेज. एका दुपारी तिचं शिलाई मशीन गेलं आणि फीअभावी माझं दुसरं वर्ष अडलं. चोर सापडला, शिक्षाही झाली. मशीन मात्र त्याने आधीच भंगारात विकून टाकलं होतं. सुटल्यावर तो जो पसार झाला, तो ज्या स्वतःच्या स्कूटरवरून मशीन नेलं, ती ठाण्यात जप्त पडलेली स्कूटर न्यायलाही आला नाही.

जप्तीचा माल सांभाळणारे हवालदार, त्यांना तिथे दीवानजी म्हणतात, ते आईला म्हणाले, "लावारिस है. नीलाम होगी, पैसा सरकार का."

सरकारचं काय चोरीला गेलं होतं? आजही या वाक्याने टाळकं सरकतं. चोराला सरकारी खर्चाने वकील मिळाला, जेलात दोन वेळा जेवण मिळालं. माझ्या आईला मिळाल्या साक्षीच्या तारखा.

तायडेकाका आमच्या शेजारचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर बेवारस पार्सलं सांभाळलेला माणूस. घरात छत्रीपासून थर्मासपर्यंत प्रत्येक वस्तूला सुतळीने लेबल बांधलेलं. स्कूटरलाही त्यांनी बांधलं: 'नग एक. पोहोचवणे: मशीनवाल्या बाई.'

"बाबूजी, ये थाने का माल है!" दीवानजी ओरडले.

"ठीक है. लिखकर दीजिए."

हे काकांचं हत्यार. समोरचा नाही म्हणाला की ते लेखी मागायचे. मग अर्जावर अर्ज: चोराने टाकून दिलेल्या मालावर पहिला हक्क, जिचं चोरलं तिचा. कोर्टातले बाबू काकांना पाहून चहाला पळायचे. काका टपरीवर जाऊन सही मागायचे.

आई कळवळायची, "भाऊ, कायले त्या चोट्ट्याची गाडी घासता?"

"वहिनी, मतलब, गंजली तर लिलावात काय येईल? नुसत्या सुया! आपल्याला अख्खं मशीन पाहिजे."

दीड वर्षाने मॅजिस्ट्रेटांचा हुकूम निघाला: लिलावाची रक्कम फिर्यादी बाईंना भरपाई म्हणून द्यावी. नवं मशीन आलं, तेव्हा आईने आधी पदराने ते पुसलं आणि तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी काका एक गाठोडं घेऊन दारात उभे. भल्याभल्यांकडे लेखी मागणारा माणूस अडखळत होता. "वहिनी, एक गोधडी... मतलब, घाई नाही. सवडीने."

आत काकूंच्या साड्या होत्या. काकूंना जाऊन सात वर्षं झाली होती. घड्या तशाच, त्यांच्या हातच्या. वर सुतळीने बांधलेलं लेबल: 'नग अकरा. बेवारस नाहीत.'

आईने गणवेशांचा गठ्ठा बाजूला सारला. नव्या मशीनवर पहिली शिवून झाली ती काकांची गोधडी. मग गणवेश, मग माझी फी. मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.