निरीक्षण: कडू

हुद्दार सरांना जेवायला बोलवायचं असेल तर यजमानाने पान वाढायच्या आधी मन घट्ट करावं. सर प्रत्येक पदार्थाला मार्क देतात. दहापैकी. तेही मनातल्या मनात नाही. भर पंगतीत, शर्टाच्या खिशातली छोटी वही काढून, मोठ्याने. माझ्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याला चार, भाताला साडेपाच आणि जिलबीला तीन दिले होते. जिलबीपुढे शेरा होता, "पाक कच्चा, घाई दिसते." माझ्या सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "आणि मांडे कसे झालेत?" सर म्हणाले, "मांडे अजून तपासायलोय." सासरे अजूनही आमच्याकडे आले की आधी शेजारच्या गॅलरीत कोण उभं आहे ते बघतात आणि मगच रिक्षातून उतरतात.

कारण हुद्दार सर आमचे शेजारी. धारवाडच्या मळमड्डीत आमच्या दोन घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत आणि एक कढीपत्त्याचं झाड आहे. त्याआधी ते माझे सर होते. इथल्याच एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. मी पुढे वकील झालो, त्यात त्यांचा मोठा हात आहे. त्यांच्या प्रॅक्टिकलनंतर सायन्सकडे परत बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या वहीत दोन रकाने असतात. निरीक्षण आणि अनुमान. आमटी असो की अ‍ॅसिड, रकाने तेच. "डोळ्यांना काय दिसलं, नाकाला काय कळलं, जिभेला काय लागलं, तेवढंच निरीक्षणात लिहायचं. तुझी अक्कल अनुमानात पाजळ," असं ते आम्हांला सांगायचे. आजवरचा त्यांचा उच्चांक सात. तो काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, सारूला मिळाला. सारू म्हणजे आमच्या इकडचं सार. हे सात मार्क काकूंना कळले की नाही, कुणास ठाऊक. त्या गेल्यावर जुन्या वह्या आवरताना मला ते पान दिसलं. काकूंच्या तोंडावर सर साडेपाचाच्या वर गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

लॅबमध्ये त्यांचे दोन नियम होते. पहिला, घंटा झाली की हात वर. एक मिनिट जास्त नाही. माझा पेपर त्यांनी अर्ध्या शब्दावर ओढून घेतला होता. 'सोडियम'मधला 'सो' लिहून झाला होता. मला सोडियम माहीत होतं, हे मी आज पंचवीस वर्षांनीही कुणालाही पटवून द्यायला तयार आहे. दुसरा नियम, निरीक्षण स्वतःचं पाहिजे. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं की शून्य.

या दुसऱ्या नियमाने त्यांचं घर मोडलं. त्यांचा मुलगा श्रीपाद त्याच कॉलेजात होता. पूर्वपरीक्षेच्या प्रॅक्टिकलमध्ये त्याने शेजारच्या मुलाचं रीडिंग उतरवलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याला उभं केलं, पानावर लाल शाईने शून्य काढलं आणि खाली सही केली. श्रीपाद त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलायला लागला. पुढे बेंगळूर, मग जर्मनी. सरांना वाटलं, पोरगं तिकडे संशोधन करतंय. ते बिअर बनवायला शिकत होतं. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, त्या घरातलं पोरगं! सरांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "अनुमान चुकलं माझं." काकूंच्या दिवसांनंतर श्रीपाद धारवाडला आलेला नाही. बेंगळूरला त्याने स्वतःची छोटी ब्रुअरी काढली आहे. रात्रभराचा प्रवास आहे, पण दोघांपैकी कुणी केला नाही.

गेली दोन वर्षं मात्र सरांचे मार्क बिघडले होते. सगळ्यालाच साडेतीन. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला साडेतीन, पेढ्याला साडेतीन, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाला साडेतीन. बायको म्हणाली, "म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. हे कडक व्हायलेत." त्यात एक दिवस त्यांच्या घरातून करपल्याचा असा वास आला की मी तसाच धावत गेलो. दूध पातेल्याला लागून काळं झालं होतं, आणि सर स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसले होते.

"सर, दूध!"

"दिसतंय की. प्रयोग चाललाय," असं म्हणून त्यांनी सावकाश गॅस बंद केला. मला त्यांचा राग आला. शेजाऱ्यांच्या पुरणात खोट काढणारा माणूस स्वतःचं दूध जाळतो, हे बायकोला सांगायला मी घाईघाईने घरी आलो.

मागच्या एका रविवारी दुपारी सरांनी भिंतीवरून हाक मारली. "वकीला, ये की जरा. साक्षीदार पाहिजे."

मी गेलो. मागच्या पडवीत पाण्याने भरलेली बादली, बादलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बाटली. श्रीपादचा एक मित्र गोकुळ रोडच्या कारखान्यात कामासाठी आला होता, त्याने ती आणून दिली होती. जर्मन पद्धतीची अंबर लागर, म्हणजे तांबूस रंगाची बिअर. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण फ्रिजमध्ये नैवेद्याचं दही होतं. बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. सरांनी ती माझ्या हातात दिली.

"अप्पा, ही पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी. चाखून मार्क द्या. दहापैकी. श्रीपाद."

इतक्या वर्षांत त्याने बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर थर्मामीटर, फूटपट्टी, वही आणि काचेचे दोन बीकर मांडले होते.

"सर, हे कॉलेजचे बीकर?"

"धुतलेत."

"यात पूर्वी काय काय होतं?"

"तू घाबरट होतास आणि घाबरटच राहिलास," असं म्हणत त्यांनी बाटली उघडली आणि बीकर तिरपा धरून ओतली. फेस फूटपट्टीने मोजला. बीकर खिडकीच्या उजेडात धरला. स्वतः वहीत लिहिलं, "रंग तांबूस. स्वच्छ. गाळ नाही. फेस तीन सेंटिमीटर, टिकतो." मग बीकर नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. लेखणी हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते दारूचा घोट घेणार होते, म्हणून मला वाटलं, मन तयार करत असतील. त्यांनी घोट घेतला. लेखणी तरीही हलली नाही.

"काय, सर?"

"तू घे की आधी."

मी काही अगदी कोरा नाही. बारच्या पार्ट्यांमध्ये एकदोनदा चाखलेली आहे. हे बायकोने वाचू नये. मी घोट घेतला आणि खरं सांगतो, चकित झालो. चांगली होती. वकिलाला बोलायला सांगितलं की तो थोडक्यात थांबत नाही. मी म्हणालो, "सर, आधी जोंधळ्याची भाकरी आरावर शेकल्याचा वास. मग गुळाची आठवण यावी असा गोडवा. आणि शेवटी कडवटपणा येतो तो अगदी नम्र, दारात चपला काढून आल्यासारखा."

सर लिहीत होते. भराभर, मान खाली घालून. मी वाकून पाहिलं. भाकरी, गूळ, चपलांसकट सगळं निरीक्षणाच्या रकान्यात उतरत होतं.

"सर, हे माझं झालं. तुमचं निरीक्षण?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता बघ. तेव्हापासून नाक गेलंय. वासच येईना. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळतंय. तुझ्या बायकोची पुरणपोळी मला गोड पुठ्ठ्यासारखी लागली. देशपांडे नगरच्या डॉक्टरला दाखवलं. आलं तर येईल म्हणाला."

"मग आम्हांला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? आम्हांला मार्क देता येईनात, आता बोलवू नका म्हणून?" ते बीकरकडे बघत म्हणाले, "ही मला नुसती कडू लागायलीय रे. पोरगं इतक्या वर्षांनी मार्क मागायलंय, आणि बापाने 'कडू' म्हणून लिहून पाठवायचं?"

मला त्या जळलेल्या दुधाची लाज वाटली. सरांनी माझं निरीक्षण पूर्ण उतरवलं आणि खाली मार्क लिहिले, साडेआठ. काकूंच्या सारूपेक्षा दीड जास्त. मी पानाचा फोटो काढला आणि त्यांच्याच फोनवरून श्रीपादला पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. फोन माझ्याच हातात होता, म्हणून मीच वाचून दाखवलं. मधे थांबायला हवं होतं, पण तोवर वाचून झालं होतं.

"अप्पा, ही भाषा तुमची नाही. तुम्ही जन्मात कधी 'सारखा' हा शब्द लिहिला नाहीत. कुणाच्या वहीतून उतरवलंत? चाखायचीच नव्हती तर तसं सांगायचं. उरलेली मोरीत ओता."

मी संतापलो. थोडा त्याच्यावर आणि बराचसा माझ्या चपलांवर. म्हणालो, "मी आत्ता फोन लावतो त्याला. सगळं सांगतो."

"बस खाली," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. मी बसलो. मग त्यांनी तो मेसेज स्वतः वाचला, दोनदा. "हौदल्ला? खरं की नाही? पकडलं बघ पोराने. बरोबर आहे त्याचं. शून्यच पाहिजे."

त्यांनी लाल पेन काढलं, साडेआठावर काट मारली, शेजारी मोठं शून्य काढलं आणि खाली सही केली. मग बाटलीत उरलेली सगळी बीकरमध्ये ओतली आणि घोट घोट करत पिऊन संपवली. तोंड वाकडं होत होतं, पण ते थांबले नाहीत. शेवटचा घोट त्यांनी तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"कडू आहे," ते म्हणाले. "पण लागतंय रे. दोन वर्षांत एवढं स्वच्छ काही लागलं नव्हतं. आणि त्याच्या हातचं आहे."

नवीन पान काढून त्यांनी लिहिलं. वास: येत नाही. चव: कडू. बाटली पूर्ण संपवली. अनुमानाचा रकाना कोरा सोडला.

"सर, त्याला वाटेल, बिअरलाच वास नाही म्हणताय. नाकाचं लिहा की."

"नाक गेलं म्हणून कळवलं तर तो कीव करून येईल. तसा नको." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "अनुमान त्याचं त्याला काढू दे. पाठव."

मी दोन्ही पानं पाठवली, शून्याचं आणि हे. दोन निळ्या खुणा उमटल्या. तो काहीतरी टाइप करतोय असं वर दिसलं, मग गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. मग बराच वेळ काहीच नाही. सरांनी बाटली धुतली, पुसली आणि फोनशेजारी आणून ठेवली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. त्या माणसाचा मी पंचवीस वर्षं राग केला होता, आणि आता त्या फोनवर काहीतरी यावं म्हणून माझाच जीव वरखाली होत होता.

भिंतीवरच्या घड्याळात पाचचे टोले पडले. कॉलेजच्या सवयीने माझे हात टेबलावरून उचलले गेले. मी उठलो. म्हटलं, "येतो सर. आता काही तो लिहीत नाही."

"बस की," सर फोनवरची नजर न काढता म्हणाले. "लिहायलाय तो. पहिल्यापासून हळूच आहे. घंटा झाली म्हणून काय झालं? वेळ देऊया की त्याला अजून थोडा."